महिला हँडबॉल : साठ मिनिटांचा खेळ आणि शरीराची कसोटी

नवी दिल्ली : राजधानीतील इंदिरा गांधी क्रीडागारात ३ ते १० डिसेंबर २०२४ या काळात महिलांची विसावी आशियाई हँडबॉल अजिंक्यपद स्पर्धा पार पडली. अंतिम सामन्यात जपानने दक्षिण कोरियाचा २५-२४ असा अवघ्या एका गोलने पराभव केला. २०१२ ते २०२२ या काळातील सर्व सहा आशियाई विजेतेपदे पटकावणाऱ्या कोरियाची सद्दी त्यामुळे संपुष्टात आली. यजमान भारताला मात्र पहिल्या चार संघांत स्थान मिळवता आले नाही आणि त्याबरोबरच २०२५ च्या जागतिक स्पर्धेचे दारही बंद झाले.

या निकालाची चर्चा प्रामुख्याने डावपेच आणि अनुभव यांच्या अंगाने झाली. मात्र अंतिम फेरीतील संघांना आठ दिवसांत पाच सामने खेळावे लागले, ही बाबही तितकीच विचारात घेण्याजोगी आहे. हँडबॉलमध्ये एका सामन्याचा थकवा पुरता उतरण्यापूर्वीच दुसऱ्या सामन्याला उभे राहावे लागते. अशा वेळी कौशल्याइतकेच शरीराचे बळ आणि त्या बळाची पूर्वतयारी निर्णायक ठरते. ही पूर्वतयारी स्पर्धेच्या आठवड्यात होत नाही. ती शाळेच्या मैदानावर, जेवणाच्या ताटात आणि विश्रांतीच्या दिवशी होत असते. भारतीय महिला हँडबॉलपुढील खरा प्रश्न तेथेच आहे.

खेळाचे स्वरूप

हँडबॉलचे मैदान ४० मीटर लांब व २० मीटर रुंद असते. प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सात खेळाडू एका वेळी मैदानात असतात. तीस मिनिटांचे दोन भाग मिळून सामना साठ मिनिटांचा होतो. चेंडू हाती घेऊन तीनपेक्षा अधिक पावले टाकता येत नाहीत आणि तो तीन सेकंदांपेक्षा अधिक काळ धरून ठेवता येत नाही. गोलपासून सहा मीटरवरील रेषेच्या आत गोलरक्षकाखेरीज कोणालाही उभे राहण्याची मुभा नसते. त्यामुळे आक्रमक खेळाडू रेषेबाहेरून उंच झेप घेते आणि हवेत असतानाच फटका मारते. जमिनीवर परतताना बहुधा तिचा संपूर्ण भार एकाच पायावर येतो.

पुरुष आणि महिला यांच्या सामन्यांचा कालावधी, मैदान आणि नियम सारखेच आहेत. ठळक फरक आहे तो केवळ चेंडूच्या आकाराचा आणि वजनाचा. ऑलिंपिकमध्ये महिला हँडबॉलचा समावेश १९७६ च्या माँट्रियल स्पर्धेपासून झाला. आशियाई क्रीडा स्पर्धांत पुरुषांचे हँडबॉल १९८२ मध्ये दिल्लीतच प्रथम खेळले गेले, तर महिलांना त्यासाठी १९९० च्या बीजिंग स्पर्धेपर्यंत वाट पाहावी लागली.

गेल्या दशकातील नियमबदलांनी खेळ अधिक वेगवान केला आहे. २०१६ पासून गोलरक्षकाला बाहेर बोलावून सातवा आक्रमक खेळाडू उतरवणे सुलभ झाले. रेंगाळणाऱ्या संघाला पंचांनी इशारा दिल्यानंतर गोलवर फटका मारण्यापूर्वी सहा पास देता येत असत. २०२२ मध्ये ही संख्या चारवर आणण्यात आली. त्याच वर्षी गोल झाल्यानंतर चेंडू मध्यरेषेच्या एका ठरावीक बिंदूऐवजी वर्तुळातून फेकण्याची पद्धत सुरू झाली आणि खेळ पुन्हा सुरू होण्यास लागणारा वेळ घटला. प्रेक्षकांसाठी हे बदल रंजक असले तरी खेळाडूंसाठी त्यांचा अर्थ श्वास घेण्याची उसंत कमी होणे असा आहे.

आकडे काय सांगतात

या खेळातील श्रमांचे मोजमाप युरोपात तपशीलवार झाले आहे. डेन्मार्कच्या सर्वोच्च साखळीतील महिला खेळाडूंवर लार्स बॉय्सन मिकाल्सिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार एक खेळाडू सामन्यातील सुमारे ५० मिनिटांच्या प्रत्यक्ष खेळात जवळपास चार किलोमीटर अंतर कापते. फुटबॉलच्या तुलनेत हे अंतर किरकोळ वाटेल. परंतु याच ५० मिनिटांत तिच्या हालचालीचा प्रकार सुमारे ६६० वेळा बदलतो. उभे राहणे, चालणे, धावणे, बाजूला सरकणे, थांबणे, उलटे धावणे असा हा क्रम दर साडेचार ते पाच सेकंदांना पालटत असतो.

म्हणजेच या खेळातील श्रम अंतरात नसून वेग घेण्यात आणि तो मोडण्यात आहेत. खो-खोच्या मैदानाची ओळख असलेल्या मराठी वाचकाला हे सहज उमजेल. खांबाजवळ गर्रकन वळणाऱ्या खेळाडूच्या गुडघ्यावर आणि घोट्यावर जो ताण येतो, तो सरळ धावणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. हँडबॉलमध्ये असे वळण, झेप आणि थांबणे यांच्या जोडीला प्रतिस्पर्ध्याच्या शरीराचा अडसरही असतो.

याच संशोधकांनी पुरुष आणि महिला खेळाडूंची तुलना केली असता काहीसा अनपेक्षित निष्कर्ष हाती आला. पुरुषांच्या सामन्यात धडका आणि अतिवेगवान धाव यांचे प्रमाण अधिक आढळले. मात्र एकूण अंतर महिलांनी अधिक कापले होते. शरीराची प्राणवायू वापरण्याची जी कमाल क्षमता असते, तिच्या सरासरी ७९ टक्क्यांपर्यंत महिला खेळाडू काम करत होत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण ७१ टक्क्यांच्या आसपास होते. महिलांचा खेळ तुलनेने सौम्य असतो, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. उत्तरार्धात वेगवान धावांचे प्रमाण घटत असल्याचेही या अभ्यासात दिसून आले. सामना ज्या मिनिटांत ठरतो, त्याच मिनिटांत शरीर कमी पडू लागते, असा त्याचा अर्थ आहे.

गोलरक्षकाची कसोटी वेगळ्या प्रकारची असते. तिला फारसे धावावे लागत नाही. परंतु अवघ्या काही मीटरवरून आलेला चेंडू अडवण्यासाठी हात, पाय आणि छाती पुढे करावी लागते. डोक्यावर चेंडू आदळण्याचा धोका ध्यानात घेऊन २०२२ च्या नियमांत तरतूद करण्यात आली. समोर कोणताही अडथळा नसताना मारलेला फटका गोलरक्षकाच्या डोक्याला लागल्यास फटका मारणाऱ्या खेळाडूला दोन मिनिटे मैदानाबाहेर जावे लागते.

गुडघ्याची किंमत

या खेळातील सर्वात गंभीर दुखापत गुडघ्याच्या आत होते. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना जोडून ठेवणारा एक अस्थिबंध असतो. क्रीडाविश्वात तो 'एसीएल' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. तो तुटल्यास बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते आणि मैदानावर परतण्यास नऊ महिने ते वर्षभराचा काळ जातो. वळणे आणि उड्या यांवर आधारलेल्या खेळांत पुरुषांच्या तुलनेत महिलांना या दुखापतीचा धोका कित्येक पटींनी अधिक असल्याचे विविध देशांतील अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. मांडीच्या पुढील व मागील स्नायूंच्या बळातील तफावत, उडीनंतर गुडघा आतल्या बाजूस झुकण्याची प्रवृत्ती आणि शरीररचना ही त्यामागील कारणे सांगितली जातात.

विशेष म्हणजे या दुखापती प्रामुख्याने धडकेमुळे होत नाहीत. नॉर्वेतील संशोधकांनी अशा प्रसंगांच्या चित्रफितींचे बारकाईने परीक्षण केले. हुलकावणी देण्यासाठी पाय घट्ट रोवून दिशा बदलताना, किंवा फटका मारून एका पायावर उतरताना बहुसंख्य दुखापती झाल्याचे त्यांना आढळले. लाकडी पृष्ठभागापेक्षा अधिक घर्षण असलेल्या कृत्रिम पृष्ठभागावर महिला खेळाडूंना हा धोका जास्त असल्याचेही तेथील दुसऱ्या एका अभ्यासात नमूद झाले आहे.

नॉर्वेने या प्रश्नावर केलेले काम मार्गदर्शक ठरावे असे आहे. तेथील वरच्या तीन श्रेणींतील महिला संघांमध्ये १९९८-९९ च्या हंगामात २९ खेळाडूंचा हा अस्थिबंध तुटला होता. त्यानंतर संघांना तोल सांभाळणे, नीट उतरणे आणि गुडघा पावलाच्या रेषेत ठेवणे यांचा सुमारे पंधरा मिनिटांचा व्यायाम देण्यात आला. पुढील दोन हंगामांत दुखापतींची संख्या अनुक्रमे २३ आणि १७ झाली. ज्या अव्वल खेळाडूंनी हा व्यायाम नेमाने केला, त्यांना त्याचा लाभ अधिक स्पष्टपणे झाला. १५ ते १७ वर्षे वयोगटातील १,८३७ मुलामुलींवर केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात गुडघा व घोटा यांच्या तीव्र दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या.

या उपायासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. सरावाच्या प्रारंभी पंधरा-वीस मिनिटे आणि ती सत्कारणी लावणारा प्रशिक्षक एवढेच लागते. नॉर्वेच्या महिला संघाने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्यांची गोलरक्षक कत्रिने लुंदे ४४ वर्षांची होती. त्याच संघातील नोरा मोर्क हिच्या गुडघ्यांवर कारकिर्दीत अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या. दुखापत झाल्यावर खेळाडूला परत उभे करणारी आणि मुळात ती टाळण्यासाठी झटणारी व्यवस्था असली, तर कारकीर्द किती लांबते याची ही उदाहरणे होत.

राजधानी परिसरातील वास्तव

दिल्ली आणि तिच्याभोवतीचा राष्ट्रीय राजधानी प्रदेश हा देशातील खेळाडूंचा मोठा आधार आहे. रोहतक, सोनीपत, भिवानी, जींद हे हरियाणाचे जिल्हे आणि उत्तर प्रदेशातील मेरठ, बागपत हे भाग याच प्रदेशात मोडतात. सोनीपत येथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. १९८२ च्या आशियाई स्पर्धेसाठी यमुनेकाठी उभारलेल्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात बंदिस्त क्रीडागार आहे, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे कराडजवळील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांच्या नावाचे सभागृहही तेथेच आहे.

परंतु शाळकरी मुलीचा खेळ अशा क्रीडागारात सुरू होत नाही. देशातील असंख्य शाळा-महाविद्यालयांत हँडबॉल आजही उघड्या मैदानावर, मातीत किंवा सिमेंटवर खेळला जातो. उडी मारून उतरणाऱ्या पायाला मातीची जमीन एक वागणूक देते, सिमेंट दुसरी आणि राष्ट्रीय स्पर्धेतील कृत्रिम पृष्ठभाग तिसरी. वर्षभर मातीत सराव केलेली खेळाडू थेट घट्ट पकड असलेल्या पृष्ठभागावर उतरते, तेव्हा रोवलेला पाय घसरत नाही आणि वळणाचा सारा ताण गुडघ्यावर येतो. पृष्ठभाग बदलणे शाळेच्या हाती नसले, तरी त्या बदलाची सवय होण्यास पुरेसे दिवस देणे आयोजकांच्या हाती निश्चितच आहे.

दुसरा प्रश्न हवेचा आहे. विश्रांतीच्या अवस्थेत मनुष्य मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. हँडबॉलसारख्या खेळात तीव्र श्रमाच्या क्षणी हे प्रमाण दहापटीहून अधिक होते. तोंडाने श्वास घेतला जात असल्याने नाकाची नैसर्गिक गाळणीही निरुपयोगी ठरते. हवेत सूक्ष्म धूलिकण असतील तर तेही त्याच पटीने फुप्फुसांत जातात.

आशियाई स्पर्धेला पंधरवडा उरला असताना, १८ नोव्हेंबर २०२४ रोजी, दिल्लीचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४९० च्या पुढे गेला होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हवा सुधारली आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर रोजी सर्वात कडक निर्बंध शिथिल करण्यास मुभा दिली. स्पर्धेला वाऱ्याने साथ दिली असे म्हणता येईल. परंतु क्रीडा नियोजन वाऱ्याच्या भरवशावर सोडता येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच हिवाळी प्रदूषणाच्या काळातील शालेय क्रीडास्पर्धांबाबत चिंता व्यक्त केली. त्यानंतर वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने राजधानी प्रदेशातील राज्यांना नोव्हेंबर-डिसेंबरमधील मैदानी स्पर्धा पुढे ढकलण्याची सूचना केली. जानेवारी २०२६ मध्ये डेन्मार्कचा अव्वल बॅडमिंटनपटू अँडर्स आंतोनसेन याने दिल्लीतील प्रदूषणाचे कारण देऊन इंडिया ओपन स्पर्धेतून माघार घेतली. बंदिस्त क्रीडागार म्हणजे शुद्ध हवा नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

या निर्णयांची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागेल. एप्रिलपासून जूनपर्यंत राजधानीत पारा वारंवार चाळीस अंशांच्या पुढे जातो. त्यानंतर पावसाळा येतो आणि नोव्हेंबरपासून धुरके दाटते. उघड्या मैदानावर खेळणाऱ्या मुलींसाठी वर्षातील सुरक्षित महिने मोजकेच उरतात. स्पर्धा त्या मोजक्या आठवड्यांत कोंबल्या गेल्या, तर सामन्यांमधील विश्रांती कमी होते. एका धोक्यापासून वाचवताना खेळाडूला दुसऱ्या धोक्याच्या हवाली केले जाऊ नये.

ताटातील लोह

शारीरिक क्षमतेचा सर्वात मूलभूत प्रश्न मात्र मैदानाबाहेर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय होता. १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये हे प्रमाण ५९ टक्के होते. हरियाणात साठ टक्क्यांहून अधिक, महाराष्ट्रात सुमारे ५४ टक्के आणि दिल्लीत जवळपास ५० टक्के महिला या गटात मोडत होत्या.

हिमोग्लोबिन स्नायूंपर्यंत प्राणवायू पोहोचवते. त्याचे प्रमाण घटले की प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमताही घटते. जो खेळ सरासरी ७९ टक्के क्षमतेने खेळावा लागतो, त्या खेळात हा तोटा थेट मैदानावर दिसतो. बचावात परतताना पडणारे एक पाऊल कमी, उडीची उंची चार बोटे कमी. बाहेरून पाहणाऱ्याला हे आळस किंवा जिद्दीचा अभाव वाटते. प्रत्यक्षात ती रक्ताची उणीव असू शकते. मासिक पाळीतील रक्तस्राव, वाढीचे वय आणि कठोर सराव या तिन्हींमुळे खेळणाऱ्या मुलीची लोहाची गरज इतर मुलींहून अधिक असते.

पुरेसे अन्न न घेता सराव वाढवला, तर पाळी अनियमित होणे, हाडे ठिसूळ होणे आणि वारंवार आजारी पडणे असे परिणाम संभवतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये ऊर्जेच्या या तुटवड्याला स्वतंत्र वैद्यकीय समस्या म्हणून मान्यता दिली आणि २०१८ व २०२३ मध्ये त्याबाबतच्या शिफारशी अद्ययावत केल्या. पाळी थांबणे हे कष्टाळू खेळाडूचे लक्षण नसून धोक्याची सूचना आहे, असा त्यांचा आशय आहे. आपल्याकडे मात्र ही गोष्ट मुलगी प्रशिक्षकाशी बोलत नाही आणि प्रशिक्षक पुरुष असल्यास तोही विचारत नाही. मौनाची ही किंमत मुलीचे शरीर मोजते.

उपाययोजना अवघड नाही. शालेय मुलींना आठवड्याला लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी देण्याची शासकीय योजना अस्तित्वात आहे. २०१८ पासून रक्तक्षयमुक्त भारत अभियान सुरू आहे. जिल्हा पातळीवरील निवड शिबिरात उंची आणि वजनाबरोबर हिमोग्लोबिन तपासले जावे, आणि कमी आढळल्यास मुलीला वगळण्याऐवजी उपचाराला पाठवले जावे, एवढीच अपेक्षा आहे.

आशेची स्थाने

भारतीय मुलींमध्ये या खेळाची उपजत पात्रता आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मार्च २०२२ मध्ये कझाकस्तानातील अल्माटी येथे भारताच्या कनिष्ठ महिला संघाने अंतिम सामन्यात थायलंडवर मात करून प्रथमच आशियाई विजेतेपद मिळवले. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यातील मोरसिंघी या लहानशा गावातील प्रशिक्षण केंद्राने राष्ट्रीय संघाला अनेक खेळाडू दिल्या आहेत. निवास, आहार आणि सराव एकाच छताखाली मिळाल्यास काय घडू शकते, हे त्या गावाने दाखवून दिले आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीनेही एक उदाहरण बोलके आहे. आशियाई हँडबॉल स्पर्धेनंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये, दिल्लीच्या याच क्रीडागारात पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखालील भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे नमवून विजेतेपद जिंकले. मातीत वाढलेला हा खेळ गादीवर आला तेव्हा त्यातील मुलींच्या गुडघ्यांपुढेही नवे प्रश्न उभे राहिले. हँडबॉलसाठी जी व्यवस्था उभी राहील, ती खो-खो आणि कबड्डीच्या मुलींनाही उपयोगी पडेल.

आर्थिक पाठबळाच्या बाबतीत मात्र तफावत आहे. २०२३ मध्ये जयपूर येथे झालेली आणि महाराष्ट्र आयर्नमेन संघाने जिंकलेली प्रीमियर हँडबॉल लीग पुरुषांची होती. लीगमधून केवळ मानधन मिळत नाही. संघासोबत फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षक येतात. महिला खेळाडूंना हे साहाय्य राष्ट्रीय शिबिरापुरते लाभले आणि शिबिर संपताच थांबले, तर त्याचा फारसा उपयोग नाही.

२०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडा महासंघांमध्ये खेळाडूंच्या समितीची तरतूद केली आहे. सामन्यांमधील किमान विश्रांती, मैदानाशेजारी वैद्यकीय पथक, हवेच्या गुणवत्तेची मर्यादा आणि दुखापतींची रीतसर नोंद हे विषय या समितीसमोर आले, तर कायद्याचा लाभ मैदानापर्यंत पोहोचेल. दुखापतींची नोंद विशेष महत्त्वाची आहे. नॉर्वेला २९ वरून १७ पर्यंत येता आले, कारण मुळात त्यांनी २९ मोजले होते. एखादी मुलगी गुडघा धरून मैदानाबाहेर गेली आणि पुढच्या वर्षी संघाच्या यादीत तिचे नाव दिसले नाही, तर ती का थांबली हे कुठेतरी लिहिलेले असावे.

जपान आणि कोरिया यांच्यातील अंतिम सामना एका गोलने निकाली निघाला. उत्तरार्धात शिल्लक राहिलेला श्वास आणि न डगमगणारा गुडघा अशा एका गोलचे अंतर भरून काढू शकतात. भारताला ते अंतर कापायचे असेल, तर प्रारंभ पुढील आशियाई स्पर्धेच्या शिबिरापासून नव्हे, तर आज सकाळी शाळेच्या मैदानावर सरावाला आलेल्या चौदा वर्षांच्या मुलीपासून करावा लागेल.